चांगुलपणाच्या पुढची व्यवस्था

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा दीर्घकाळचा मानसिक आजार असलेल्या प्रौढ मुलाचे आईवडील साठीकडे झुकले की एकच प्रश्न त्यांची झोप उडवतो : आपल्या मागे याचे काय? आपल्याकडे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर म्हणजे एखाद्या भल्या माणसाचा शोध. कुठेतरी एखादे दांपत्य निःस्वार्थपणे संस्था चालवते आहे असे कळते, आईवडील जाऊन बघून येतात, चालकांचा साधेपणा पाहून डोळे भरून येतात आणि मूल तिथे ठेवले जाते. देणगीदारही असाच विचार करतो, पत्रकारही याच चष्म्यातून लिहितो आणि पुरस्कार देणारेही हेच निकष लावतात. चालकांचा त्याग मोजला जातो. संस्थेत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे मात्र कुणी मोजत नाही. आधाराची गरज असलेल्या माणसांचे निवासी घर चालवणे हे मुळात चारित्र्याचे काम आहे, या समजुतीनेच अशा माणसांचे सर्वाधिक नुकसान केले आहे, असे माझे म्हणणे आहे. ते रचनेचे काम आहे. घर लहान असणे, ते वस्तीत असणे, काम करणाऱ्यांना पुरेसा पगार असणे आणि रोजचे निर्णय शक्य तितके राहणाऱ्यांच्या हातात असणे, या चार गोष्टी जमल्या तर सामान्य वकुबाची माणसेही असे घर नीट चालवू शकतात. त्या जमल्या नाहीत तर संतसुद्धा ते चालवू शकणार नाहीत.

पुरावा शोधायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. रायगड जिल्ह्यातल्या कळंबोलीच्या एका खासगी निवासी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवरचे अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयात ती फाशी टिकली नाही, पण अत्याचार झाले होते याबद्दल शंका उरली नाही. कळंबोलीच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळच्या कवडास येथील संस्थेतल्या मुलांचे कुपोषणाने मृत्यू झाल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. या जागा कायद्याला ठाऊक नसलेल्या चोरवाटा नव्हत्या. शासनाच्या कागदांवर त्या निवासी संस्था म्हणूनच होत्या. त्याआधी फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे त्याचे कारण सांगितले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. शिरूरच्या प्रकरणात कुणी नराधम नव्हता, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. डॉक्टर होते, अधिकारी होते, सोय पाहणारी सरळमार्गी माणसे होती. कमी मनुष्यबळात खूप मुली सांभाळायच्या असल्या की मुलीचे शरीरच व्यवस्थापनाची अडचण ठरते आणि मग त्या अडचणीवर शस्त्रक्रियेचा उपाय निघतो.

चालकाच्या थोरवीवर भिस्त ठेवण्यातला धोका सर्वांत स्पष्ट दिसतो तो फ्रान्समध्ये. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये बौद्धिक दिव्यांग माणसांसोबत एका घरात राहायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लार्श’ ही चळवळ जगभर पसरली. भारतात तिची ‘आशा निकेतन’ ही घरे आहेत. व्हानिए हयातीत संत म्हणून गौरवले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, खुद्द त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीत त्यांनी अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे निष्पन्न झाले. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, हे खरे. पण ज्या माणसाच्या शब्दाला कुणी प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्याभोवती काय घडू शकते, हे यातून कळते. तरीही लार्शची घरे चालू राहिली, आणि हा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. ती चालू राहिली, कारण संस्थापकाचे नाव गळून पडल्यावरही लहान घर, एकत्र जेवण आणि ठरलेल्या जबाबदाऱ्या ही रचना शिल्लक होती.

रचना बिघडते कशी, याचे सर्वांत नेमके विश्लेषण समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये केले. सामान्य माणूस एका ठिकाणी झोपतो, दुसऱ्या ठिकाणी काम करतो, तिसऱ्या ठिकाणी मनोरंजन करतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्यावर वेगळ्या माणसांची सत्ता चालते. बंदिस्त संस्थेत हे तिन्ही एकाच आवारात, एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली, एकाच घंटेवर चालते. तुरुंग, मनोरुग्णालय आणि वसतिगृह यांतले साम्य इथे आहे. ज्याच्या हातात जेवण आहे, त्याच्याच हातात औषध, पैसा, पाहुण्यांची भेट आणि तक्रारीची वही असेल, तर तक्रार जाणार कुठे? कोकणात अशा संस्थांसाठी सहसा मिळते ती डोंगराच्या पायथ्याची, रस्त्यापासून दूरची, दानात आलेली एखादी एकर जमीन. निसर्गरम्य परिसर म्हणून तिचे कौतुक होते. पण तिथे दुकानदार येत नाही, शेजारीण डोकावत नाही, पोरे चेंडू शोधायला कुंपण ओलांडत नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जळून मेले. त्या साखळ्या एका रात्रीत आलेल्या नव्हत्या. त्या पाहून हरकत घेईल असे बाहेरचे माणूस तिथे रोज येत नव्हते.

म्हणून मी उदाहरणासाठी रायगडच्याच पेण तालुक्यातले जिते हे गाव घेतो. जित्यात असे घर आज आहे असा दावा मी करत नाही. असे घर काढायचे तर ते अशाच गावात असावे, हे माझे म्हणणे आहे. पनवेल–रोहे रेल्वेवर आपट्यानंतर जिते स्थानक येते, पुढे हमरापूर आणि मग पेण. मुंबई–गोवा महामार्ग जवळून जातो. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. हमरापूर, जोहे, कळवे या परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत आणि तिथे माती मळण्यापासून रंग देण्यापर्यंत आणि पेंढ्यात मूर्ती बांधण्यापर्यंत वेगवेगळ्या वकुबाला झेपेल असे काम वर्षाचे बरेच महिने चालते. गावात दुकान आहे, देऊळ आहे, लग्नसराई आहे, ग्रामपंचायत आहे. आधार लागणाऱ्या माणसाला जे हवे ते हेच : चालत जाता येईल इतक्या अंतरावर चार वेगवेगळ्या ठिकाणी चार वेगवेगळी ओळखीची माणसे. गावाच्या आळीतले भाड्याचे किंवा विकतचे पाच-सहा जणांचे घर गॉफमनच्या बंदिस्त संस्थेचे सूत्र आपोआप मोडते. झोपणे घरात, काम कारखान्यात, करमणूक देवळाच्या पटांगणात. माणूस दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी विचारतेच. फक्त एक सावधगिरी हवी. कारखान्यात केलेल्या कामाला कामाचेच दाम मिळाले पाहिजेत. उपचार किंवा प्रशिक्षण या नावाखाली फुकट राबवून घेणे ही अशा संस्थांची जुनी खोड आहे.

कायदाही याच दिशेला बोट दाखवतो. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. त्यातले १९वे कलम समाजात, इतरांच्या बरोबरीने आणि आपल्या निवडीने राहण्याच्या हक्काचे आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तोच हक्क आला आणि त्याच कायद्याने नोंदणीशिवाय संस्था चालवण्यास मनाई केली. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर स्पष्टच म्हटले की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही आस्थापनेत ठेवता येणार नाही. आणि तरीही, महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत हलवले जाते, ते थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. हक्क कागदावर आला; ज्या घरात तो वापरायचा ती घरेच बांधली गेली नाहीत. राष्ट्रीय न्यासाने प्रौढांसाठी ‘घरौंदा’ नावाची योजना आणली, पण तो न्यास स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांपुरता आहे. मानसिक आजारातून उठलेला माणूस त्यात बसत नाही. मुलांच्या संस्थांतून अठराव्या वर्षी बाहेर पडावे लागणाऱ्या बेवारस दिव्यांगांनी जायचे कुठे, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षे विचारत आले आहेत. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रश्न मात्र तिथेच आहे. माणसाचा गौरव करणे आपल्याला जमते, त्याच्या मागणीचा कायदा करणे जमत नाही, हा माझ्या मुद्द्याचाच आणखी एक पुरावा.

पहिला आक्षेप पैशांचा. पाच-सहा जणांचे घर परवडत नाही, शंभर जणांचे परवडते, असे सांगितले जाते. हिशेब मांडूनच पाहू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाकडून कायद्याने ४८ तास काम घ्यायचे, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. सहा रहिवाशांच्या घरात दिवसाच्या बारा तासांत दोघे आणि रात्री एक जण ठेवायचा म्हटले, तर आठवड्याला २५२ तास होतात. रजा आणि आजारपण धरून सहा माणसे. प्रत्येकाला पंधरा हजार पगार धरला, तर महिन्याला नव्वद हजार, म्हणजे रहिवाशामागे पंधरा हजार. जेवण, भाडे, औषधे त्यावर. संजय गांधी निराधार योजनेतून मिळणारी रक्कम दिव्यांगांसाठी अलीकडे २,५०० रुपये झाली आहे. म्हणजे दरी मोठी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण शंभर जणांची संस्था स्वस्त पडते ती का, हेही सांगितले पाहिजे. मजुरीचा हिशेब तिथेही तोच असतो. स्वस्ताई येते ती माणसे कमी ठेवल्यामुळे, गृहमातेला चोवीस तास राबवल्यामुळे आणि माणसांऐवजी कडी, दोरी व झोपेची गोळी वापरल्यामुळे. जो खर्च पगारात दिसत नाही तो रहिवाशाच्या अंगावर निघतो. स्वस्त संस्था असे काही नसते. बिल कुणाच्या नावावर फाडले जाते एवढाच प्रश्न असतो. चेन्नईच्या ‘द बनियन’ने मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे अडकलेल्या स्त्रियांसाठी साध्या वस्त्यांत चार-पाच जणींची भाड्याची घरे उघडून दाखवली. घर भाड्याचे घेतले की इमारत बांधण्याचा मोठा खर्च टळतो आणि तोच पैसा माणसांच्या पगाराला लावता येतो. आपल्याकडे देणगीदाराला कोनशिला हवी असते. पगाराला कोनशिला बसत नाही, हीच अडचण आहे.

दुसरा आक्षेप गावाचा. ‘आमच्या आळीत वेडे आणून ठेवणार का?’ असा प्रश्न कुठल्याही ग्रामसभेत विचारला जाईल आणि त्याला हसण्यावारी नेऊन चालणार नाही. नवी मुंबई विमानतळ आणि अटल सेतू यांच्यामुळे या पट्ट्यात जमिनीचे भाव चढले आहेत. आपल्या घराची किंमत पडेल, ही भीती त्या प्रश्नात दडलेली असते. पण २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले. त्यांतले बौद्धिक दिव्यांग सुमारे १५ लाख. ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत. प्रत्येक वाडीत एखाददुसरे घर असे असतेच आणि गाव त्या माणसाला नावानिशी ओळखते. गावाला भीती वाटते ती अनोळखी माणसांच्या जथ्याची. पन्नास जणांची संस्था आली तर ती भीती रास्तही ठरते, कारण पन्नासांची नावे कुणी लक्षात ठेवत नाही. सहा जणांची राहतात. म्हणून लहान आकार हा गावाच्या आक्षेपावरचाही उपाय आहे. पहिली जागा त्याच पंचक्रोशीतल्या माणसांना मिळाली आणि काम करणारी माणसेही तिथलीच घेतली, तर ते घर बाहेरून लादलेले राहत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो आईवडिलांकडून येतो म्हणून अधिक जड आहे. महामार्ग आहे, रेल्वेचे रूळ आहेत, पावसात भरून वाहणारे ओढे आहेत. दार उघडे ठेवले आणि काही झाले तर? झाले तर झाले, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण बंद दार म्हणजे सुरक्षितता, हे एरवाडीने आणि कळंबोलीने खोटे ठरवले आहे. बाहेरचा धोका दिसतो, आतला दिसत नाही, इतकाच फरक. जबाबदार व्यवस्थापन प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे करते : हा एकटा दुकानापर्यंत जाऊ शकतो, ती रस्ता ओलांडताना सोबत घेते, याला फिट येतात म्हणून ओढ्यावर एकट्याने नाही. हे लिहून ठेवले जाते, सहा महिन्यांनी तपासले जाते आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला विचारून लिहिले जाते. सगळ्यांसाठी एकच कुलूप लावणे हे व्यवस्थापन सोडून दिल्याचे लक्षण आहे. निर्णयक्षमता कमी आहे म्हणून माणसाची इच्छा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात चंदीगडच्या शासकीय संस्थेतल्या एका बौद्धिक दिव्यांग स्त्रीबाबत सांगितले. तिचे गरोदरपण तिच्या इच्छेविरुद्ध संपवता येणार नाही, असा तो निर्णय होता. इतक्या मोठ्या बाबतीत जी इच्छा न्यायालय मानते, ती भाजी कोणती करायची, शर्ट कोणता घालायचा आणि रात्री दिवा कधी मालवायचा या बाबतींत चालकाने का मानू नये?

सर्वांत वजनदार आक्षेप चौथा आहे : लहान घरही बिघडू शकते. हे खरे आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचे विंटरबोर्न व्ह्यू हे फक्त २४ खाटांचे खासगी रुग्णालय होते. तिथे नियामक होते, नियम होते, भरमसाट शुल्क होते, आणि २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण आणि छळ दाखवला. एका परिचारकाने आधीच तक्रार केली होती. ती नियामकाकडे पडून राहिली. यावरून निघणारा निष्कर्ष असा की आकार ही पहिली अट आहे, शेवटची नाही, आणि वर्षातून एकदा येणारा तपासनीस पुरेसा नाही. म्हणून सत्ता विभागली पाहिजे. घराचा चालक, रहिवाशाचा पालक आणि त्याच्या पैशांचा सांभाळ करणारा ही तीन माणसे वेगळी असली पाहिजेत. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालक नेमण्याचे काम जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती करते. चालकालाच पालकत्व देण्याचा सोपा मार्ग तिने टाळला पाहिजे. बँकेचे पासबुक रहिवाशाच्या नावावर आणि त्याच्या हाताशी असले पाहिजे. आशा कार्यकर्ती, शाळेचे शिक्षक, महिला बचत गट अशी बाहेरची माणसे न कळवता येऊन एकेकट्या रहिवाशाशी बोलू शकली पाहिजेत. आणि दर वर्षी प्रत्येकाबाबत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे की याला इथे राहण्याची गरज अजून आहे का? रायगड जिल्ह्यातच कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर सापडलेल्या हजारो मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवले. आयुष्यभर सांभाळायचे असे ज्यांच्याबद्दल गृहीत धरले जाते, त्यांच्यातल्या अनेकांना परतीचे तिकीट हवे असते, हे त्यातून सिद्ध झाले.

यावर कुणी म्हणेल की इतक्या अटी घातल्या तर कुणी पुढेच येणार नाही. आज जी भली माणसे हे काम करतात तीही थकून निघून जातील. मला नेमके उलट वाटते. आज ती थकतात, कारण सगळे त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर आहे : पैसा उभा करणे, आजारपण, रात्रपाळी, वाद, अंत्यसंस्कार. संस्थापक म्हातारा झाला की संस्थेपुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो आईवडिलांपुढे होता : यांच्या मागे काय? मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या ‘साधना व्हिलेज’मध्ये १९९४ पासून बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसे घरासारख्या लहान कुटिरांमध्ये राहतात. बदलापूरची ‘आधार’ ही तर अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली संस्था. एका ठिकाणी घराचा आकार, दुसऱ्या ठिकाणी पालकांचा एकत्रित कारभार, अशा रचनेवर ही कामे उभी आहेत. नियम म्हणजे भल्या माणसांवरचा अविश्वास नव्हे. त्यांच्या भलेपणाला निवृत्तीची सोय करून देणे म्हणजे नियम.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. ही रक्कम बहुधा किरकोळ वस्तुवाटपात संपते. त्या विभागाने काळजीवाहकांच्या पगारासाठी थेट अनुदान द्यावे, सहा-आठ जणांहून मोठ्या नव्या निवासी संस्थेला नोंदणी देऊ नये, आणि जिते, हमरापूर, जोहे अशा शेजारच्या ग्रामपंचायतींनी आपले पाच टक्के एकत्र करून एका घराचे भाडे उचलावे. आणि वाचकहो, पुढच्या वेळी एखाद्या संस्थेला देणगी द्यायला जाल तेव्हा इमारत आणि संस्थापकाचा फोटो बघून परतू नका. आज भाजी कुणी ठरवली, रात्रपाळीला किती जण असतात, त्यांना पगार किती, पासबुक कुणाकडे आहे आणि इथले कोण गेल्या आठवड्यात एकट्याने बाहेर जाऊन आले, एवढे पाच प्रश्न विचारा. उत्तरे देताना चालक चिडला, तर पैसे खिशातच ठेवा.